डोंगर चढण्याआधी : बिनतारी जोडणीची टेबलावरची परीक्षा

महाड आणि पोलादपूर या दोन तालुक्यांत गावं एकमेकांना दिसतात, पण एकमेकांपर्यंत पोचत नाहीत. समोरच्या धारेवरच्या वाडीतला दिवा रात्री स्पष्ट दिसतो. तिथे जायचं म्हटलं की उतरा, ओढा ओलांडा, पुन्हा चढा. यात अर्धा दिवस मोडतो. सावित्री, गांधारी आणि काळ या नद्यांनी कोरलेला हा मुलूख आहे. पूर्वेला सह्याद्रीची भिंत, दक्षिणेला कशेडी घाट आणि पोलादपूरहून महाबळेश्वरकडे चढणारा आंबेनळी घाट.

या मुलखाच्या पावसाळी तारखा इथल्या माणसांना पाठ आहेत. जुलै २००५मध्ये दासगाव, जुई, कोंडिवते आणि रोहन या गावांवर दरडी कोसळल्या आणि जवळपास दोनशे माणसं गेली. २८ जुलै २०१८ला आंबेनळी घाटात बस दरीत कोसळली. तीस जण गेले आणि वाचलेला एकमेव प्रवासी दरीतून वर आला, तेव्हा जगाला बातमी कळली. २२ जुलै २०२१ला तळिये गावावर दरड आली. ऐंशीहून अधिक माणसं मातीखाली गेली, महाड शहर पुराच्या पाण्यात होतं, वीज नव्हती, फोन लागत नव्हते. मदत पोचायला दुसरा दिवस उजाडला.

बिनतारी यंत्र असतं तर ही माणसं वाचली असती, असं मी म्हणणार नाही. दरड यंत्राला विचारून येत नाही. पण बातमी बाहेर पडायला लागणारा वेळ कमी करणं माणसाच्या हातात आहे. त्यासाठी डोंगरावरून डोंगरावर थेट बोलणारी बिनतारी जोडणी हा एक स्वस्त आणि आपल्या आवाक्यातला मार्ग आहे. मी इंजिनिअर नाही. जुने रेडिओ उघडून, पुस्तकं चाळून आणि बरीच वर्षं या यंत्रांच्या मागे लागून जे समजलं, ते या लेखात मांडतो आहे. विषय वरकरणी रुक्ष आहे: अशी जोडणी डोंगरावर नेण्याआधी टेबलावर कशी तपासायची आणि ती तिथेच अडली तर दोष कसा शोधायचा. जुलैत बंद पडलेल्या यंत्रापर्यंत चढून जाणं कुणालाच शक्य नसतं, म्हणून टेबलावरच्या या कामाला महत्त्व आहे.

कंदील आणि बॅटरी

मोबाइलचा मनोरा कंदिलासारखा असतो, चहूबाजूंना उजेड फेकणारा. दोन ठिकाणांमधली थेट जोडणी बॅटरीच्या झोतासारखी असते. दोन्ही टोकांना एकेक रेडिओ आणि एकेक डिश. दोघांनी एकमेकांकडे रोखून पाहायचं. मोबाइलचे अनेक मनोरेसुद्धा मागच्या बाजूने अशाच झोतांनी एकमेकांना जोडलेले असतात. मधला एक झोत तुटला, तर पुढचा मनोरा उभा असूनही मुका होतो.

आपल्याकडे २००५मध्ये २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यातला वापर परवानामुक्त झाला. ऑक्टोबर २०१८मध्ये ५ गिगाहर्ट्‌झच्या आसपासचा मोठा पट्टा तसाच मोकळा झाला. उत्सर्जनाच्या मर्यादा पाळल्या, तर शाळा, ग्रामपंचायत किंवा एखादी संस्था स्वतःची जोडणी उभारू शकते. यंत्रं काही हजार रुपयांत मिळू लागली. ती उभारणारे वाढले, पण तपासणारे त्या प्रमाणात वाढले नाहीत.

संदेशाचा हिशेब

पुढचं सगळं एका हिशेबावर उभं आहे, म्हणून तो आधी पाहू. रेडिओची शक्ती डीबीएममध्ये मोजतात. १ मिलिवॉट म्हणजे शून्य डीबीएम. दर १० डेसिबेलला शक्ती दहापट वाढते किंवा दहाव्या हिश्शावर येते. त्यामुळे उणे ६० डीबीएम म्हणजे एका मिलिवॉटचा दहा लाखावा भाग. एवढ्या क्षीण कुजबुजीवर आपले रेडिओ आरामात काम करतात. या मापाची सोय अशी, की गुणाकार-भागाकाराऐवजी फक्त बेरीज-वजाबाकी करावी लागते. वाण्याच्या वहीसारखं जमा आणि खर्च.

समजा जोडणी १० किलोमीटरची आहे आणि वारंवारता ५.८ गिगाहर्ट्‌झ. मोकळ्या हवेत एवढ्या अंतरात सुमारे १२८ डेसिबेल खर्च होतात. रेडिओ ११ डीबीएमने बोलतो. साधारण ४० सेंटिमीटर व्यासाची डिश २५ डेसिबेलची भर घालते, समोरची डिशही तेवढीच. ११ अधिक २५ अधिक २५ उणे १२८, म्हणजे उणे ६७ डीबीएम. समोरच्या रेडिओला हा आकडा दिसायला हवा. त्याच्या कानातली स्वतःची खरखर उणे ९५च्या आसपास असते. दोन्हींत २८ डेसिबेलचं अंतर राहिलं, म्हणजे बोलणं स्वच्छ ऐकू येईल.

हा आकडा डोंगर चढण्याआधी कागदावर लिहिलेला असला पाहिजे. तो नसेल, तर वर गेल्यावर जे दिसेल तेच बरोबर वाटतं.

टेबल खोटं कधी बोलतं

नवी यंत्रं आली की पुष्कळ जण ती टेबलावर समोरासमोर ठेवतात, चालू करतात आणि चक्रावतात. दोन मीटरवरून रेडिओ धड बोलत नाहीत, वेग कमी, जोडणी सारखी तुटते. यंत्रं सदोष आहेत असं ठरवून ती परत पाठवली जातात.

वरचाच हिशेब लावून पाहा. २ मीटर अंतराचा खर्च जेमतेम ५४ डेसिबेल. उणे ६७ ऐकण्यासाठी बनवलेल्या कानाशी अधिक ७ डीबीएमची आरोळी आली. ही आरोळी हजारो नव्हे, तर कोट्यवधी पटींनी मोठी आहे. कान बधिर होतो. कधी कायमचा जातो. शिवाय इतक्या जवळ डिशचा झोत नीट तयारच झालेला नसतो. ४० सेंटिमीटरच्या डिशला त्यासाठी किमान ६ मीटर मोकळं अंतर हवं. त्याच्या आत सूत्र लागू पडत नाही आणि आकड्यांना अर्थ राहत नाही.

टेबलावर लहरींची परीक्षा घेण्याची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. १८९५च्या सुमारास कोलकात्यात जगदीशचंद्र बोस यांनी अवघ्या काही मिलिमीटर लांबीच्या लहरी निर्माण केल्या. लहर जितकी आखूड, तितकी यंत्रसामग्री लहान. प्रकाशासारखे गुणधर्म टेबलावर मोजता यावेत म्हणून त्यांनी आखूड लहरी निवडल्या. टेबल लहान असेल, तर प्रयोगच टेबलाच्या मापाचा करावा लागतो, हे त्यातून शिकण्यासारखं आहे.

आपल्याला लहर बदलता येत नाही, पण अंतर टेबलाच्या मापाचं करता येतं. डिश काढून ठेवायच्या. एका रेडिओच्या तोंडापासून दुसऱ्याच्या तोंडापर्यंत केबल जोडायची आणि मध्ये अटेन्युएटर बसवायचे. हे बोटाएवढे धातूचे तुकडे असतात. लहरीची ठरावीक शक्ती ते गिळतात. १० किलोमीटरच्या १२८ डेसिबेलमधून दोन डिशांचे ५० वजा केले, की ७८ उरतात. ३०, ३० आणि २०चे तीन तुकडे एकापुढे एक जोडले, की ८० होतात. अख्खी दरी तळहातावर मावते. आता समोर उणे ६९च्या जवळपास आकडा दिसला पाहिजे. केबलचे एक-दोन डेसिबेल सोडून द्यावेत.

इथे तीन पथ्यं पाळावी लागतात. अटेन्युएटर ६ गिगाहर्ट्‌झपर्यंत चालणारा हवा; टीव्हीच्या केबलसाठी मिळतो तो इथे निरुपयोगी. मध्ये अटेन्युएटर नसताना दोन रेडिओ केबलने कधीही जोडू नयेत. आणि उघड्या तोंडाने, म्हणजे अँटेना किंवा योग्य भार न लावता रेडिओ चालू करू नये.

गळती

इतकं करूनही टेबल एका बाबतीत फसवतं. रेडिओच्या खोक्यातून, फटींतून, केबलच्या आवरणावरून थोडी लहर बाहेर झिरपते आणि अटेन्युएटरला वळसा घालून थेट पलीकडे पोचते. मग आकडा चांगला दिसतो, पण तो त्या केबलचा नसतोच.

ही गळती ओळखण्याची रीत सोपी आहे. आणखी १० डेसिबेलचा तुकडा जोडायचा. आकडा १०ने उतरला, तर लहर केबलमधूनच येते आहे. तो फक्त तीन-चारने उतरला, तर पाणी बांधावरून नाही, खालून वाहतं आहे. एका संस्थेची यंत्रं तपासताना मी केबल मधूनच सोडवली आणि दोन्ही तोंडांना भार लावला. तरी दोघं निवांत बोलत होते. एक रेडिओ पत्र्याच्या धान्याच्या पिंपात ठेवून झाकण लावलं आणि दुसरा पलीकडच्या खोलीत नेला, तेव्हा ते गप्प झाले. त्यानंतर मिळालेले आकडे वहीत लिहिण्याजोगे होते.

अदलाबदल

हल्लीच्या बहुतेक रेडिओंना दोन तोंडं असतात. एक लहर उभी कंप पावते, दुसरी आडवी. दोन्ही मिळून दुप्पट माहिती वाहून नेतात. टेबलावर प्रत्येक तोंडाला स्वतंत्र केबल आणि स्वतंत्र अटेन्युएटर लावले, तर दोन्हींचे आकडे दोन-तीन डेसिबेलच्या आत सारखे यायला हवेत.

बसवल्या दिवसापासून अर्ध्या वेगाने चालणारी एक जोडणी माझ्याकडे आली होती. टेबलावर एक तोंड उणे ६९ दाखवत होतं, दुसरं उणे ८९. वीस डेसिबेल म्हणजे शंभरपटींचा फरक. अशा वेळी रेडिओ उघडण्याचा मोह होतो, तो आवरायचा. दोन्ही तोंडांच्या केबलची अदलाबदल करायची आणि बाकी काहीही हलवायचं नाही. दोष केबलबरोबर दुसऱ्या तोंडाकडे गेला, तर केबल दोषी. जागीच राहिला, तर रेडिओ दोषी. इथे तो केबलबरोबर गेला. भिंगातून पाहिलं, तर कनेक्टरच्या मधोमध सुई नव्हती, आणि ज्यात तो बसवला होता त्यातही नव्हती. बाजारात दिसायला सारखे, आटे सारखे, पण सुईची बाजू उलट असलेले दोन प्रकार मिळतात. ते एकमेकांत घट्ट बसतात, मात्र आतले तारेचे गाभे एकमेकांना शिवत नाहीत. लहर त्या फटीतून जेमतेम उडी मारते आणि वीसेक डेसिबेल तिथेच गमावते. केबल तुटलेली नसते, कुठे सैल नसते, म्हणून डोंगरावर हा दोष महिनोन्‌महिने सापडत नाही.

टेबलावरच्या दोषशोधाचा सगळा गाभा यात आहे: एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि दोष कुणामागे जातो ते पाहायचं. केबल बदलली, चॅनेलही बदललं, वर फर्मवेअरही नवं घातलं आणि जोडणी सुरू झाली, तर आनंद होतो, पण कळत काहीच नाही.

विजेची तार आणि भार

रेडिओला वीज बहुधा नेटवर्कच्या तारेतूनच जाते. टेबलावर आपण हातभर तार वापरतो. डोंगरावर शाळेच्या खोलीपासून खांबाच्या टोकापर्यंत ६० मीटर लागतात. चांगल्या तांब्याच्या तारेत एवढ्या लांबीला, अर्धा अँपिअर प्रवाह असताना, २४ व्होल्टमधले २.८ व्होल्ट वाटेतच संपतात. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची तारही मिळते. तिच्यात हे नुकसान दीडपटीच्या आसपास जातं. गंमत म्हणजे रेडिओ रिकामा बसलेला असताना सगळं ठीक दिसतं. मोठी फाइल पाठवायला सुरुवात केली, की तो जास्त वीज ओढतो, व्होल्ट पडतात आणि तो बंद होऊन पुन्हा सुरू होतो.

म्हणून टेबलावरची चाचणी डोंगरावर जाणाऱ्याच तारेच्या गुंडाळीवर घ्यावी. दोन्ही टोकांना संगणक लावून पूर्ण भाराने २४ तास माहिती वाहू द्यावी. वेग मोजण्याचं काम रेडिओवर सोपवू नये. त्याचा मेंदू लहान असतो. मोजणं आणि वाहणं दोन्ही एकदम करताना तो दमतो आणि आकडा कमी दाखवतो.

टेबलाला न दिसणारं

टेबलाच्या मर्यादाही माहीत हव्यात. अटेन्युएटर लहरीची शक्ती कमी करतो, तिचा प्रवासाचा वेळ वाढवत नाही. लहरीला १० किलोमीटर जायला ३३ मायक्रोसेकंद लागतात आणि पोच परत यायला तेवढेच. रेडिओमध्ये अंतराचा आकडा भरायची सोय असते. तो शून्याजवळ राहिला, तर टेबलावर सगळं उत्तम चालतं आणि डोंगरावर पाठवणारा पोच येण्याआधीच धीर सोडून तेच वाक्य पुन्हा पुन्हा बोलत बसतो. खोक्यात भरण्याआधी हा आकडा खऱ्या अंतराचा करून ठेवावा.

दुसरी गोष्ट झाडांची. १० किलोमीटरच्या झोताला मध्यावर सुमारे ११ मीटर त्रिज्येची जागा लागते आणि तिचा बहुतांश भाग मोकळा असावा लागतो. मे महिन्यात निष्पर्ण झाडांमधून समोरचा डोंगर दिसतो. जुलैत त्याच झाडांना ओली पानं येतात आणि झोत त्यांत मुरतो. पालघर भागात खामलोलीच्या परिसरात आयआयटी मुंबईने टीव्हीच्या वाहिन्यांमधल्या रिकाम्या वारंवारता वापरून गावं जोडण्याचा प्रयोग केला. त्यामागे हेच कारण होतं: लांब लहरी झाडीतून अधिक सहज निभावतात.

तिसरी गोष्ट पाण्याची. ५.८ गिगाहर्ट्‌झच्या झोताला आपल्या मुसळधार पावसातही थोड्याच डेसिबेलचा फटका बसतो. खरं नुकसान कनेक्टरमध्ये शिरलेलं पाणी करतं. ते मात्र टेबलावर अंशतः तपासता येतं: कनेक्टर गुंडाळून, सीलबंद करून, रात्रभर ओल्या फडक्यात ठेवायचे आणि सकाळी आकडा पुन्हा घ्यायचा.

आणखी एक. काही चॅनेलवर रडारला अडथळा होऊ नये म्हणून रेडिओ सुरू झाल्यावर निदान मिनिटभर नुसता ऐकत राहतो. नवशिक्याला तो मेला असं वाटतं आणि तो बटण बंद-चालू करत राहतो. प्रत्येक वेळी ते मिनिट नव्याने सुरू होतं.

वहीचं एक पान

टेबलावर जोडणी चालली म्हणजे डोंगरावर चालेलच, असं कुणी सांगू शकत नाही. या चाचणीचा खरा उपयोग पुढच्या अपयशाच्या वेळी होतो. डोंगरावर जोडणी अडली की प्रश्न एकच असतो: यंत्र बिघडलं की वाट अडली? टेबलावरचे आकडे लिहिलेले असतील, तर उत्तर वाचता येतं. नसतील, तर अंदाज करत खांबावर चढावं लागतं.

हिशेबाप्रमाणे उणे ६७ यायला हवे होते आणि उणे ८७ आले, असं समजा. एकच तोंड उतरलं असेल, तर केबल, कनेक्टर किंवा पाणी. दोन्ही तोंडं सारखीच उतरली असतील, तर यंत्राचा संशय सोडून वाटेकडे पाहायचं. डिशच्या मुख्य झोताच्या बगलेत वीसेक डेसिबेलने क्षीण असे उपझोत असतात. डिश वाऱ्याने फिरून त्यांतल्या एकावर अडकली असण्याची शक्यता मोठी. आकडा हळूहळू, आठवड्याला थोडाथोडा उतरत असेल, तर झाडं. आकडा बरोबर असून वेग कमी असेल, तर त्याच वारंवारतेवर दुसरं कुणी बोलतं आहे. आकडा बरोबर, पण मोठ्या भाराला जोडणी तुटते, तर विजेची तार. पाच लक्षणं, पाच वाटा, आणि त्यांतली निम्मी निदानं पायथ्याशी बसून करता येतात.

आमच्याकडच्या दोन वाड्यांमधली एक जोडणी मेमध्ये बसवली गेली आणि जूनच्या पहिल्या वादळात गेली. बसवणाऱ्यांनी आकडे लिहून ठेवले नव्हते. यंत्रंच निकामी ठरवून नवी मागवायचं चाललं होतं, आणि त्यासाठी पैसे नव्हते. यंत्रं खाली आणून ८० डेसिबेलच्या दरीवर लावली. दोन्ही तोंडं उणे ६९ आणि उणे ७०. यंत्रं निर्दोष होती. पाऊस उघडल्यावर वर जाऊन डिश हळूहळू फिरवली, तेव्हा काही अंशांवर आकडा एकदम वीसने चढला. नवं काहीच विकत घ्यावं लागलं नाही. पण तोवर पावसाळ्याचे सर्वांत धोक्याचे आठवडे त्या वाड्या मुक्या होत्या.

म्हणून ज्यांच्याकडे अशी जोडणी आहे, त्या शाळांना, पंचायतींना आणि मंडळांना माझं एक साधं सांगणं आहे. पावसाळ्यापूर्वीच्या तयारीत नालेसफाई असते, दरडप्रवण वाड्यांची यादी असते, होड्या आणि दोर तपासले जातात. त्याच मे महिन्यात एक दिवस राखीव रेडिओंची जोडी टेबलावर मांडावी, अटेन्युएटर लावावेत आणि आकडे घ्यावेत. एका पानावर इतकं लिहावं: दोन्ही तोंडांचे टेबलावरचे आकडे, डोंगरावर अपेक्षित आकडा, बसवल्या दिवशी मिळालेला आकडा, भरलेलं अंतर, तारेची लांबी आणि तारीख. त्या पानाची एक प्रत यंत्राच्या खोक्यात चिकटवावी आणि एक खाली गावात ठेवावी. तपासणीचं सामान काही हजारांत येतं. दहावी झालेली मुलगी किंवा मुलगा हे काम दोन दिवसांत शिकतो, हे मी पाहिलं आहे, आणि बाहेरच्या माणसापेक्षा नीट करतो. जुलैत जोडणी बंद पडली, तर त्याच डोंगराखाली राहणारं त्याचं घर आहे.